म्हशीवरून उतरवलेलं मीठ

डिंगोरे, मंगळवार, नोव्हेंबर १९९८

आज भाकरी करपली आणि मी रडले. कारण एवढंच. सासूबाईंनी मूठभर मीठ माझ्यावरून उतरवून चुलीत टाकलं. ते तडतडलं. "बघ, केवढी नजर व्हती!"

अमावास्या जवळ आली की सुनेला बाधा होते, असं घरात ठरलं आहे. या अवसेला मला देवऋषाकडे नेणार. हल्ली माझी पाळी अवसेच्या सुमाराला येते, हे कुणी पाहत नाही.

जुन्नरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळीआधी असं खरंच होतं, ते वेड नव्हे. मीठ आणि चहा कमी करा, पुरेसं झोपा, चालायला जा, घरात सांगून ठेवा. शेवटचंच अवघड. पाळीत बाजूला बसते तेव्हा कुणी काम सांगत नाही. त्याआधी मात्र सगळं काम माझं, आणि बोलणीही.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलंच. "आत्या, मी देवऋषाकडे येणार नाही. हे पाळीच्या आधी होतं. डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितलंय." आवाज चढला का माझा? असेल.

त्या शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला बी व्हायचं. लई राग यायचा. म्हशीला झोडपायची मी."

"मग तुमच्यावरून मीठ उतरवलं?"

"माझ्यावरून कशाला? म्हशीवरून उतरवलं. दूध देईना ना ती!"

दोघीही हसलो.

जेवताना त्यांनी ह्यांना सांगितलं, "अवसेला कुठं जायचं न्हाई." माझ्या ताटात मीठ वाढलेलं नव्हतं.