कंपनीच्या यादीत माझा पहिला नंबर

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा सध्या खुर्चीतूनच.) तुमचा गुडघा कसा आहे, आणि मामींची दाढ? मी हादरले आहे, एवढं सोडलं तर ठीक.

तुम्ही नेहमी विचारता, मानववंशशास्त्र शिकून मी त्या डेटा कंपनीत काय करते. मी बसते. इंजिनिअर लोक काम कसं करतात ते पाहते, वहीत लिहिते, आणि त्यावर माझी प्राध्यापकी चालते. दोन वर्षं मी एका चष्मेवाल्या इंजिनिअरशेजारी बसले. बिचारा रोज तासभर हातातलं काम बाजूला ठेवून मला आकडे समजावून सांगायचा. (पहिले सहा महिने मी नुसती मान हलवत होते.)

सोमवारी कंपनीनं नवा प्रोग्रॅम लावला. ऑफिसात कोण किती गरजेचं, हे तो ठरवणार. दुपारी भिंतीवरच्या स्क्रीनवर यादी झळकली. पहिला नंबर माझा. मी तिथे नोकरीलासुद्धा नाही, मामा. पण सगळे येऊन माझ्याशी बोलतात, म्हणून माझ्यावाचून ऑफिसचं अडेल, असा यंत्राचा निष्कर्ष. चष्मेवाला शेवटचा, कारण रोज तासभर त्याचा कीबोर्ड गप्प. संध्याकाळी त्याला नारळ.

तो पिशवी भरत होता आणि मी ती धरून उभी. "मी काय काय केलं ते तुझ्या वहीत असेल ना?" तो म्हणाला. "दाखव साहेबांना."

मी वही घेऊन थेट साहेबांच्या खोलीत घुसले. आकड्यांतल्या चुका सबंध ऑफिसात हा एकटाच पकडतो, हे त्यात तारखांसकट होतं. साहेबांनी वाचलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग म्हणाले, "याला उद्या बोलवा."

तो परत आला. आल्या आल्या मला म्हणाला, "आता जरा लांब बस." फार लागलं मला, पण बसले.

तुमची,
अजून सावरत असलेली भाची

ता. क. : साहेबांनी उलटलेल्या पानांवर आणखी सात जण होते. "तुमच्याबद्दलचं कुणाला दाखवणार नाही," असं मी त्या सातही जणांना लिहून दिलं होतं. दोघांच्या दुपारच्या डुलक्या वेळेसकट नोंदलेल्या. त्यांना मेमो मिळाले. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

ता. क. २ : त्या दोघांनी विद्यापीठात तक्रार केली आहे आणि माझी बढती चौकशी समितीपुढे अडकली आहे. समितीचे अध्यक्ष तुमचे वर्गमित्र. वशिला नको, मामा. चूक माझीच आहे. फक्त त्यांना सहज फोन करा, आणि बोलता बोलता माझा विषय निघाला तर निघू द्या. नाही निघाला, तर काढा.