मालीचा राजा रोह्याला येतो

हमरापूर,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

दिपिकाताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या भावाचा खांदा जरा धरलाय, पण टेम्पो चालवण्यापुरता हात चालतो. कारखान्यात पुढच्या वर्षीच्या गणपतींचं ओतकाम सुरू झालंय, त्यामुळे भातातसुद्धा प्लास्टर लागतं असं सासूबाईंचं म्हणणं. पापडाचे दोन डबे पाठवतेय. पोह्याचे तुमचे, उडदाचे माझ्या लेकीचे, पूजाचे. तिचे तिलाच द्या हं.

फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि मग मीही "व्हय ताई" म्हणून मोकळी होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली, तेच चाललंय. म्हणून म्हटलं, या वेळी लिहावं. कागदाला मध्ये बोलता येत नाही. उद्या हे टेम्पो घेऊन येतील. पत्र त्यांच्या खिशात असेल आणि मागे खोक्यात राजा.

शनिवारच्या इतिहासाच्या प्रदर्शनाचं मी तुम्हाला काय सांगणार, शाळेच्या पालक संघात तुम्ही आहात. सातवीच्या एका गटाला बगदाद, एकाला कैरो, आणि आपल्या पूजाच्या गटाला आफ्रिकेतलं माली. गणपतीवाल्यांची मुलगी म्हटल्यावर इतिहासाच्या दीनाबाईंनी राजाची मूर्ती तिच्याच गळ्यात घातली, म्हणजे माझ्या. तुमच्या घरून फोनवर ती मला रोज थोडं थोडं सांगायची. सातशे वर्षांपूर्वीचा हा मनसा मुसा मक्केच्या यात्रेला निघाला, तेव्हा वाटेत कैरोला त्यानं इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भावच उतरला! त्याच्या राज्यात टिंबक्टू नावाचं गाव होतं, तिथं लोक लांबलांबून शिकायला यायचे.

मला मात्र त्यातलं मीठ आवडलं. माझा बाप जन्मभर पेणच्या खाडीकडे मिठागरात राबला, पायांच्या भेगा कधी बुजल्या नाहीत त्याच्या. आणि तिकडे वाळवंटातून मिठाच्या लाद्या उंटांवर लादून आणत आणि बदल्यात सोनं नेत. हे मला चाळिशीत, मुलीकडून कळलं. राजाबरोबर तीन उंट पाठवतेय. त्यांच्या पाठीवरच्या लाद्या मी स्वतः कोरल्यात, साच्यातल्या नाहीत.

आता रंगाचं. टाळत होते, पण लिहायलाच बसलेय तर लिहिते.

राजा ओतला, घासला, आणि माझा हात सवयीनं बॉडी कलरच्या डब्याकडे गेला. तो गुलाबीसर रंग तुम्ही पाहिलाय. आम्ही त्यालाच अंगाचा रंग म्हणतो, दुसरा असतो हे कुणाच्या मनात येत नाही. रंगवला आणि फोटो तुमच्या फोनवर टाकला. तुम्ही लगेच अंगठा पाठवलात. पूजाचा फोन संध्याकाळी आला.

"आई, तो असा नव्हता."

मी म्हटलं, "सोनं कमी पडलं काय?"

"सोनं नाय. रंग. तो आफ्रिकेतला व्हता." मग म्हणाली, "राजा काळा असला तर चालत नाय काय गो आई?"

मी म्हटलं, चालतो की. फोन ठेवून डबे शोधायला गेले. आमच्याकडे तपकिरी रंग दोनच कामांना लागतो, उंदराला आणि पाटाला. अठरा वर्षं मी डोळ्यांची आखणी करतेय, हजारो मूर्ती या हाताखालून गेल्या. माझ्या स्वतःच्या अंगाचा रंग कारखान्यात एका डब्यातही नाही, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

तीन वेळा रंग कालवला. दरवेळी मनगटावर लावून पाहिला. तिसऱ्या वेळी मनगटावर दिसेनासा झाला, तेव्हा राजाला लावला.

दुसरा फोटो पाहून तुमचा फोन आला. "जरा उजळ कर गो त्याला. पाहुने येनार हायत, एवढा काळा राजा कुठं असतो काय? आनि पूजाला मी बाईंना सांगून मागं ठेवलीय. ती पाहुन्यांना पुठ्ठ्याची सोनेरी नानी वाटंल. बोलायला पाटलांची पोर हाय, फोटोत बरी दिसंल." आणि मी काय म्हणाले? व्हय ताई.

दिवाळीत पूजा घरी आली, तेव्हा तिचा डावा गाल सोललेला होता. दप्तरात मलमाची ट्यूब सापडली. म्हणाली, "आत्येनं दिलीय. रोज लाव म्हनाली, दोन महिन्यांत उजळशील." मी ट्यूब परत दप्तरात ठेवली, ताई. ठेवली! तुम्हाला फोन केला नाही. पोर तुमच्याकडे राहते, जेवते, शिकते, म्हणून गप्प बसले. आणि दुसरं म्हणजे, ती तीन वर्षांची असल्यापासून कुठं न्यायची झाली की मीच तिला पावडर थापायचे, मानेपर्यंत. तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलणार होते?

तुम्ही वाईट नाही, हे मला माहीत आहे. तिला कावीळ झाली तेव्हा दुकान बंद ठेवून तुम्ही उशाशी बसलात. लोक नावं ठेवतील, त्याआधी आपणच पोरीला सावरावं, असं तुम्हाला वाटतं. पण लोक अजून काही बोललेले नाहीत. जे काय बोललो ते तुम्ही आणि मी.

म्हणून आता नीट वाचा. राजा उजळ होणार नाही. त्याच्यावर रोह्यात कुणी ब्रश फिरवला तर मला कळेल, माझा हात मला ओळखू येतो. आज मी दीनाबाईंना फोन केला. पूजाला बोलायची भीती वाटते, असं तुम्ही त्यांना सांगितलंत म्हणे. तिला कसली भीती? टिंबक्टूपासून कैरोपर्यंत सगळं तोंडपाठ आहे तिला. बाईंनी नावं बदलली आहेत. राजाशेजारी, पुढे, पूजा उभी राहणार आणि तीच बोलणार. नाणी कुणीही वाटेल.

ती ट्यूब फेकून द्या. जमत नसेल तर तसं सांगा, शनिवारी मी तिचं दप्तर आणि कपडे घेऊनच परत निघेन. सातवी पेणलाही आहे. तुमचे उपकार मी विसरणार नाही, पण त्यांच्यापायी पोरीची कातडी सोलू देणार नाही.

मला पाहायला आलात, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "रंग नाय, पन हात बरा हाय." मी खाली बघून हसले होते. शनिवारी मी पहिल्या रांगेत बसणार आहे, मान वर करून. तुमच्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवेन. यायचं की नाही, ते तुम्ही बघा.

पूजा जिच्यावर गेली आहे, ती
मालू