राणीसाहेबांचा झोपाळा

५ नोव्हेंबर
आजऱ्याहून सकाळच्या एसटीने कोल्हापुरात पोचले. राजवाड्याच्या संग्रहालयात नोकरी लागली, अजून खरं वाटत नाही. आवार केवढं तरी मोठं, चिंचेची झाडं, मागच्या बाजूला मला राहायला खोली. राणीमहालातल्या वस्तू पुसायच्या आणि पाहुण्यांना दोरीच्या आत येऊ द्यायचं नाही, एवढंच काम. तानाबाई इथल्या जुन्या. त्यांनी आल्या आल्या चहा पाजला.
लेक संयोगिता सासूबाईंजवळ आहे. तिची पहिली संपली की इकडे आणायची. निघताना ती रडली नाही, मीच एसटीत रडले. घाटातल्या अपघातात तिचे बाबा, उदयसिंह गेले, तेव्हापासून रडू कुठे फुटेल सांगता येत नाही.

७ नोव्हेंबर
आज शिसवी झोपाळा पुसला. पितळी कड्यांवर बारीक मोर आहेत. फळी कोमट लागली, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. तिथे ऊन येत नाही. तानाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "राणीसाहेबांचं पोरगं वारलं, तवापासनं त्या ह्येच्यावरच बसायच्या. बसलं की दुःख जातंय म्हणत्यात. पर तू बसू नको." आणि फडकं उचलून पुढच्या दालनात गेल्या.

१० नोव्हेंबर
रविवारची गर्दी. एका माणसाच्या अंगात उदयसिंहांसारखा शर्ट होता. महाल रिकामा झाल्यावर मी झोपाळ्यावर बसले. पाय न लावता तो हलला. कितीतरी महिन्यांनी छाती मोकळी झाली. उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती.

१४ नोव्हेंबर
रोज बसते. रडू येत नाही. उदयसिंहांचा फोटो काढून पाहिला. ओळखीतला कुणी माणूस, इतकंच वाटलं. भाकरीला चव नाही. पण बरं आहे.

१९ नोव्हेंबर
तानाबाईंनी पाहिलं. दंडाला धरून उठवलं. "तुला पोरगी हाय की गं," म्हणाल्या. मी हो म्हटलं. तिचं नाव आठवायला वेळ लागला. घाबरायला हवं होतं. दंडावर त्यांच्या बोटांचे वळ उठलेत, दुखत नाहीत.

२२ नोव्हेंबर
नोकरी सोडून गावी जायचं ठरवलं. पिशवी भरली, स्टँडकडे निघाले—
झोपाळ्यावर आहे. पिशवी मांडीवर. कशी आले—

२४ नोव्हेंबर
तानाबाईंनी फोन करून कुणाला तरी बोलावलंय. एक म्हातारी आणि एक मुलगी. मुलगी दोरीपलीकडून आई, आई म्हणते. मी सांगितलं, आत यायचं नाही. म्हातारी खाली कोसळली. तानाबाई तिला सावरताहेत.

माझ्या शेजारी फळी दबली. कुणीतरी बसलं. दिसत नाही.

मुलगी गप्प झाली. दोरीखालून वाकून आत येते आहे. फळी थोपटून कुणी तिला बोलावतंय— हात माझाच आहे, पण मी तो—