मोजणीत सगळे होते

भागवतदादा,

मघाशी फोनवर मी तुला "आई झोपली" म्हणाले, ते खोटं होतं. आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, तरी मीच हट्टानं तिला केरळच्या सहलीला आणलं. कोचीत पोर्तुगीजांचं चर्च बघून ती दुसऱ्याच सहलीच्या बसमध्ये चढली. त्यांची एक आजी, आईसारखीच टोपी घातलेली, आमच्या बसमध्ये आईच्या सीटवर झोपली. गाइडची मोजणी बराबर आली. मी पुढं खिडकीशी बसून रबराची झाडं बघत होते. दोन तासांनी कळलं.

आता घाटात त्यांच्या बसची वाट बघतेय. त्यांच्या गाइडच्या फोनवर आई मला म्हणाली, "काहून रडून राहिली, बाई? माझी उज्वला हाये ना माझ्यापाशी."

येणारी प्रत्येक बस उठून बघतेय. पण माझे ते दोन तास फार सुखाचे गेले, दादा. म्हणून हे पत्र तुला कळमनुरीला पाठवणार नाही.

तुझी,
उज्वला