चाराचा आठ

९ ऑक्टोबर
सकाळी सकाळी बप्पा ट्रक घेऊन गॅरेजवर हजर. दरवर्षी ऊसतोडीची टोळी नेतो तीच जुनी गाडी, फक्त टायर सगळे मोठे. नऊशे साईजचे काढून हजारचे चढवलेत. गाडी उंच दिसते, बप्पाची मान त्याहून उंच. म्हटलं, लग्न आहे का गाडीचं? तर तोंड पाडून म्हणाला, "उत्तमभाऊ, ओढंना गेलीय. मांजरसुंब्याच्या घाटात परवा पहिल्यात चढवली, ती बी रिकामी."
कशी ओढेल? चाक वाढलं, मागच्या आसाच्या हाऊसिंगमधले गियर तेच. आधी टायर घ्यायचे आणि मग मेकॅनिककडे रडायचं, ही पद्धतच पडली आहे. क्राऊन-पिनियनची जोडी बदलावी लागेल, दुसऱ्या रेशोची. पंचवीस तारखेला टोळी भरायची म्हणतो. त्याच टोळीत माझी धाकटी बहीण कमल आणि तिचा नवरा सुभाषराव. तेव्हा घाई कर म्हणून मला कुणी सांगायला नको.

१३ ऑक्टो.
भंगारबाजारातून दोन जोड्या आणल्या. एक बप्पाला, दुसरी अण्णाच्या मुरमाच्या टिप्परला. त्यालाही तेच मॉडेल, तेच मोठे टायर, तेच रडगाणं.
दोन्ही जोड्या चांगल्या निघाल्या. क्राऊन म्हणजे मोठं दातेरी चाक, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा लहान गियर. ही दोन्ही एकमेकांवर घासूनच घडवलेली असतात. एकाचं पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावलं तर बसतं, फिरतंही, पण नांदत नाही.
म्हणून दोन क्राऊन, दोन पिनियन, चारही नगांना तारेने वेगळ्या चिठ्ठ्या बांधल्या. बप्पाचा जॉब ४, टिप्परचा ८. सलीमभाई नेहमीप्रमाणे कुरकुरला. बावीस वर्षांचा भागीदार, उर्दू शाळेतला, आकडे इंग्रजीतच लिहितो. "तुझा चार मला आठावानी दिसतो बे. इंग्रजीत लिही ना." मी म्हटलं, बीडच्या मातीत जन्मलास, एवढा चार तरी शिकून घे. हसला. मीही हसलो.

१६ ऑक्टो.
बायकोचं, मंदाचं, पोट पहाटेपासून दुखतंय. आधी म्हणे जेवण बाधलं. दुपारपर्यंत बसवेना. जीप करून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. पित्ताशयात खडे. ऑपरेशन करायचं ठरलं.
जाताना सलीमभाईला एवढंच म्हणालो, दोन्ही हाऊसिंग उघडून ठेव, बसवायला मी येतो.

१९ ऑक्टो. अंबाजोगाई
ऑपरेशन नीट झालं. मंदा भात मागतेय, म्हणजे बरी आहे.
सलीमभाईचा फोन. "बप्पा डोक्यावर बसलाय. मुकादम बी येऊन गेला दोनदा. मी दोन्ही बसवून बंद केलेत. तू वयनीकडं बघ." बरं वाटलं. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, हे त्याला तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे होतं.

२३ ऑक्टो. चौसाळा
काल मंदाला घरी आणलं. आज बप्पाच्या गाडीची ट्रायल. मी स्वतः चालवली, बप्पा शेजारी. चढाला गाडी तिसऱ्यात सरळ निघाली. बप्पा सीटवर टुणटुण उड्या मारत होता.
आवाज होता. लिहून ठेवतो, कारण बोललो नाही कुणाला. ॲक्सिलेटरवरचा पाय सोडला की मागून बारीक रडल्यासारखा आवाज, पाय दिला की बंद. परत उघडायचं म्हणजे तीन दिवस. टोळी परवा. बप्पाने विचारलं, "आवाज कसला वो?" मी म्हणालो, नवीन बसवलंय, चाललं की बसेल.

२५ ऑक्टो.
टोळी गेली. सोळा कोयते. नवरा-बायको मिळून एक कोयता, इथे माणसं अशीच मोजतात. वर भांडी, गोधड्या, कोंबड्या, दोन शेळ्या. सुभाषराव टपावरून "जयभीम दादा" ओरडले. कमल खाली उतरून आली, मंदासाठी लसणाची चटणी दिली. म्हणाली, "दादानं गाडी बांधलीय म्हनून मी कधी न्हाई ते बिनघोर बसलेय."
गाडी हायवेला लागेपर्यंत बघत उभा राहिलो. लांबूनही ऐकू येत होता तो आवाज. की मला उगाच वाटलं.

२८ ऑक्टो.
पोचले सांगलीकडे. कमलचा फोन. राहायला पाचटाच्या कोप्या बांधल्या, पाणी लांब आहे, बाकी ठीक. घाट सगळे पार पडले. मी मनातल्या मनात हात जोडले आणि विषय मिटला असं ठरवून टाकलं.

५ नोव्हें.
विषय मिटला नव्हता.
अण्णाचा टिप्पर आला, मागून रडत. फाट्यापासून ऐकू येत होता. उघडला. पिनियनचे दात एका कडेने खाल्लेले, तेलात चांदीसारखा चुरा. कपड्याने पुसून पिनियनवरचा कोरलेला नंबर बघितला. मग क्राऊनवरचा. जुळेनात. वहीत दोन्ही जोड्यांचे नंबर होते. टिप्परच्या पोटात बप्पाचं पिनियन.
म्हणजे बप्पाच्या पोटात टिप्परचं.
चिठ्ठ्या सलीमभाईने डब्यात टाकून ठेवल्या होत्या. शोधल्या. बप्पाच्या पिनियनच्या चिठ्ठीवर ऑईल लागून माझ्या ४ चं वरचं तोंड बुजलेलं. मलाही क्षणभर 8 च वाटला.
मी विचारलं, "दातांना ब्ल्यू रंग लावून ठसा बघितलावता का, दात कुठं टेकतात ते?" "बघितला. कडेला पडत हुता. वाटलं, भंगारातला माल हाय, पडनारच." मग खाली बसला, कपाळाला हात लावून. "उत्तम, मी कावून तुझी वाट नसंल बघितली?"
मी त्याला सांगितलं नाही की ट्रायलला मीही ऐकलं होतं. चूक त्याच्या एकट्याच्या अंगावर तशीच राहू दिली.

६ नोव्हें.
दिवसभर बप्पाला फोन. दुपारी लागला. मागे ऊस भरायचा गलका.
"गाडी कशी आहे?"
"वाघ हाय! आवाज करती जरा. लई ओढती पण."
म्हटलं, रिकामी करून उभी ठेव, मी येतो. "आता? हंगाम लागलाय. गाडी हुबी तर टोळी हुबी. कावून, काय झालं?"
आणि मी म्हणालो, काही नाही, ऑईल बघायचं होतं.
ऑईल! जीभ कशी वळली कुणास ठाऊक. तो म्हणाला, "इथं बघून घेतो की," आणि फोन ठेवला.
सलीमभाई समोरच उभा होता. हात पुसत पुसत बाहेर गेला.

७ नोव्हें.
आज सांगायचं ठरवलं होतं. फोन उचलला नाही त्याने. मीही दोनदाच लावला.

८ नोव्हें.
नवी जोडी शोधायला निघालो. जुनी आता आपापल्या जागी लावूनही उपयोग नाही. चुकीच्या जोडीदाराबरोबर एवढं चालल्यावर दोन्हींचे दात वाकडे झिजलेत. सलीमभाई म्हणाला, मी बी येतो. भंगारबाजारात दिवस गेला. संध्याकाळच्या आत एक चांगली मिळाली. उद्या सांगलीकडे, टोळीच्या कारखान्याला निघायचं.

९ नोव्हें.
निघायच्या आधीच फोन आला. मुकादमाचा.
शेतातून बांधावर चढताना, पूर्ण भरलेली गाडी. मागून मोठा कडाका झाला आणि गाडी मागे यायला लागली. सुभाषराव दगड घेऊन मागच्या चाकाला लावायला धावले. सगळेच लावतात, गाडी चढताना कुणीतरी दगड घेऊन मागे चालतंच. दगड लागला, पण पाय निघाला नाही.
या जुन्या गाडीचा हँडब्रेक चाकांना नाही, पिनियनला फिरवणाऱ्या शाफ्टला. पिनियनचेच दात गेल्यावर तो कुणाला धरणार? बप्पाने पायातला ब्रेक दाबला तोवर गाडी हातभर मागे आली होती. हातभरच.
मंदाला सगळं सांगितलं. ट्रायलचा आवाजसुद्धा. ती टाक्यांवर हात धरून भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आवो, ननंदेला तुमीच सांगा. दुसऱ्या कुनाकडनं कळलं तर तुमाला भाऊ म्हनायची न्हाई." मग उठून माझा डबा बांधून दिला.

१० नोव्हें. बसमध्ये
पायापाशी पोत्यात नवी जोडी. सलीमभाईला मीच येऊ नको म्हणालो. स्टँडवर सोडायला आला होता. म्हणाला, "तू बोलशील तवा माझं नाव आदी घे. बसवलं मी." मला तेव्हा सांगायला हवं होतं. बस सुटताना सांगितलं, खिडकीतून, ओरडून, की आवाज मीही ऐकला होता. त्याने हात वर केला. ऐकू गेलं की निरोपाचा हात होता, कळलं नाही.

११ नोव्हें.
आधी दवाखाना. सुभाषरावांचा डावा पाय घोट्यापासून काढलाय. झोपेच्या औषधात होते. मला ओळखलं. "दादा, गाडी कशी हाय?" म्हणाले. लाज वाटली म्हणजे काय वाटतं ते आज कळलं.
मग फडावर. बप्पा पायाच पडला माझ्या. "भाऊ, मीच लई भरली गाडी. माझंच चुकलं." त्याला उठवलं. म्हटलं, तुझं नाही चुकलं. त्याला वाटलं, मी समजूत घालतोय. मुकादम म्हणतो भंगारातला माल असाच. टोळीतली म्हातारी म्हणते साडेसाती. प्रत्येकाकडे कारण आहे, आणि प्रत्येक कारण माझ्यावाचून.
बप्पा म्हणाला, इथला मेकॅनिक येत होता, कमलनंच हाऊसिंगला हात लावू दिला नाही. "माझा दादा यील," म्हणाली.

१२ नोव्हें.
दिवसभर गाडीखाली. तीन दात मुळापासून उडालेले, एक क्राऊनमध्ये रुतलेला. नवी जोडी बसवली. ब्ल्यू लावून चार वेळा ठसा बघितला, दाताच्या बरोब्बर मधोमध. इतकं नीट काम मी वर्षानुवर्षं केलं नसेल. कशाला आता?
कमल दवाखान्यातून येऊन शेजारी बसली. पाणी दिलं, पाना दिला. लहानपणी सायकल उघडायचो तेव्हा अशीच बसायची. गाडीखालून फक्त तिचे पाय दिसत होते. बोलायला सोपं होतं, तोंड दिसत नव्हतं. बोललो नाही.

१३ नोव्हें.
ट्रायल घेतली. गाडी बिनआवाजाची. बप्पा भरायला घेऊन गेला.
कमल कोपीत भाकरी थापत होती. म्हणाली, मुकादम अर्धा कोयता ठेवायला तयार नाही. एकट्या बाईला जोड कोण? कुणाच्या तरी जोडीला लागायचं, नाहीतर घरी जायचं. घरी जाऊन दोघांनी खायचं काय? आणि सुभाषरावांचं ड्रेसिंग इथल्याच दवाखान्यात अजून महिनाभर.
भाकरी उलटवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, हंगामभर तू ऱ्हातोस का माझ्या जोडीला? भाऊ-बहीन चालतं. पोखरीची हायेत की दोघं तशी."
मी म्हटलं, कमल, मला तुला काहीतरी सांगायचंय. आधी ते ऐक.
"आदी हो म्हन. मग सांग काय सांगायचं ते."
मी पुन्हा म्हटलं, आधी ऐक.
"तुला काय जमनार न्हाई, हात कापंल, पाठ धरंल, हेच ना? मला ठाव हाय. तू निस्ता हो म्हन."
हो म्हणालो.
तिने पिठाचे हात तसेच पदराला पुसले, तव्यावरची भाकरी मला उतरवायला सांगितली आणि मुकादमाला सांगायला गेली. भाकरी उतरवली आहे. कोपीच्या तोंडाशी बसून हे लिहितोय. ती ऊस भरलेल्या गाडीपाशी उभी आहे, मुकादमाला हाताने माझ्याकडे दाखवतेय. आता इकडे यायला निघाली आहे.