लीज मी एकटा वाढवतो

२ फेब्रुवारी
आज ठरलं. लीज वाढवायचं. फ्लॅट आपला, पण जमीन मालकाची, आणि भाडेपट्ट्याच्या नव्याण्णव वर्षांपैकी आता ऐंशी वर्षं चार महिने उरलीत. ऐंशीच्या खाली गेलं की लीज वाढवायचा मालकाचा भाव दुप्पट होतो आणि गिऱ्हाइकाला बँक कर्ज देत नाही. मालकाला रीतसर नोटीस द्यायची शेवटची तारीख ९ जून. दुसऱ्या कुणाला चार महिने लागतील. मला दोन आठवडे पुरेत.

हिचे गुडघे चौथ्या मजल्याला कंटाळलेत. लिफ्ट नाही. हा विकून कुठेतरी तळमजल्यावर जाऊ म्हणते. गिऱ्हाईकही तयार आहे. नवरा-बायको, दोघंही दातांचे डॉक्टर. लीज वाढवून द्या, लगेच घेतो म्हणाले. माणसं हसरी आहेत. फक्त माझ्या तोंडात फार बघतात.

५ फेब्रुवारी
हिचा भाऊ वकील. नेमकी हीच कामं करतो. ही म्हणाली, अहो, त्याला विचारा की. ज्याला मी सायकल शिकवली, त्याच्याकडून मी कायदा शिकायचा? तीस वर्षं कंपनीच्या खरेदी खात्यात काढलीत. भल्याभल्या सप्लायरना घाम फोडलाय.

१९ फेब्रुवारी
दोन आठवडे झाले. फाइल आणली. निळी.

३ मार्च
तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. सगळ्या फ्लॅटवाल्यांनी मिळून एकच वकील आणि घराची किंमत ठरवायला एकच व्हॅल्युअर नेमायचा म्हणे. सहीची जागा पेन्सिलीने आखून आणली होती. मी काय चौथीत आहे? नम्रपणे नकार दिला. ही चहा ठेवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

२२ मार्च
व्हॅल्युअर घर मोजायचे पैसे घेतो. हे काम कुणीही करेल. टेप काढली. दुसरं टोक हिने धरलं. हिला वाकता येत नाही, त्यामुळे सगळं घर कंबरेच्या उंचीवरून मोजलं. कपाटं मध्ये आल्यामुळे हॉल थोडा लहान भरला. फायदाच आहे. लहान घर, कमी पैसे.

११ एप्रिल
नोटिशीत आपण किती द्यायला तयार आहोत तो आकडा लिहावा लागतो. इथे अनुभव कामी येतो. पहिला आकडा असा हवा की समोरच्याला ठसका लागला पाहिजे. मग तो वर ओढतो, आपण उसासे टाकत जातो. बऱ्यापैकी सोफ्याची जी किंमत होईल ती लिहिली. मग वाटलं, सोफा जरा जास्तच होतोय. दोन खुर्च्यांवर आणलं.

९ मे
तिसऱ्या मजल्याच्या बाईंची मंडळी नोटीस देऊन मोकळी झाली. दीड पानाची आहे म्हणे. माझी सध्या नऊ पानं.

२० मे
अकरा पानं. मेहुण्याचा फोन. दाजी, पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घालू द्या, फी नको. त्याला सांगितलं, काम झालं की झेरॉक्स देतो, तुझ्या ज्युनियरना शिकवायला उपयोगी पडेल. तो म्हणाला, निदान आकडा तरी सांगा. आकडा कुणी फोनवर सांगतं का?

२४ मे
रजिस्टर पोस्टाने रवाना. सोळा दिवस हातात ठेवून. घाई करणारे वेगळे.

३१ मे
मालकाच्या ऑफिसातल्या बाईंचं पत्र. नोटीस मिळाली, आभारी आहोत. आभारी! हादरलेत. हिला म्हटलं, बांधाबांध सुरू कर. हिने विचारलं, नक्की ना? कपबश्या कागदात गुंडाळायला घेतल्या. काम करताना गुणगुणत होती. बऱ्याच वर्षांनी.

१० जून
काल तारीख उलटली. माझी नोटीस त्याआधीच पोचलेली. मालक गप्प. बहुधा ठसका लागलाय, एकमेकांना पाणी पाजताहेत.

२ जुलै
मालकाचं उत्तर आलं. तीन ओळी. हा आकडा गंभीर प्रस्ताव म्हणता येत नाही, सबब नोटीस ग्राह्य नाही.

मेहुण्याला बोलावलं. त्याने अकरा पानांतलं एकच पान वाचलं. म्हणाला, दाजी, हा भाजीबाजार नव्हे. आकडा वाजवी नसेल तर कायद्याने ती नोटीसच नाही, नुसतं पत्र. आता नव्याने द्यायची, ऐंशीच्या खालच्या भावाने. तो भाव सांगितल्यावर मलाच ठसका लागला. एवढे जमवायला पाच-सहा वर्षं. मी म्हटलं, पण पत्र म्हणून कसं वाटलं? तो बहिणीकडे बघत राहिला. एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं.

६ ऑगस्ट
दातांच्या डॉक्टरांनी तिसऱ्या मजल्याच्या बाईंचा फ्लॅट घेतला. त्यांचं लीज वाढलंय ना. बाई तळमजल्याचं घर बघून आल्या. पुढे दोन पायऱ्या आणि बाग. हिला फोटो दाखवत होत्या. हिने प्रत्येक फोटोला छान म्हटलं.

२० ऑगस्ट
बाईंचं सामान गेलं. खोकी उतरवायला मदत केली. त्यांनी जाताना एक जुनी खुर्ची दिली. ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, वळणावर ठेवली. कल्पना हिची.

संध्याकाळी भाजी घेऊन आलो. ही खुर्चीत टेकली, गुडघ्यांवर हात ठेवले. मी म्हटलं, पाच वर्षांनी नोटीस तुझा भाऊच लिहील, मी हात लावणार नाही. ही म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी येते.

पिशव्या घेऊन वर आलो. दार उघडं ठेवून बसलोय. अजून पोचायची आहे.