सूर्यास्ताआधी निपाणी

१२ ऑक्टोबर, रविवार

आज माझा लोकशाहीवरचा विश्वास उडाला. निपाणीतल्या आमच्या घराच्या फाटकापासून मोजून अकरा पावलांवर कुणीतरी गतिरोधक घातला आहे. आकार: म्हैस रवंथ करत बसल्यासारखा. माझ्या नव्या गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं. सकाळी निघालो, खर्रर्र. परत आलो, खर्रर्र. बायको दारात येऊन म्हणाली, अहो, काय सांडलं का?

कोपऱ्यावर भाजी विकणारी मालुबाई खूश. म्हणाली, लई ब्येस झालं बघा अण्णा, आता समदे गाडी हळू करत्यात, मग त्यास्नी मेथी दिसती.

म्हणजे एका मेथीच्या पेंडीसाठी देशाचा वेग अडवायचा. संकल्प: उद्या नगरपालिकेत अर्ज.

१४ ऑक्टोबर

अर्ज उद्या.

गाडीविषयी एकदा नीट लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील. जपानी, दोन सीट, लाल, बारा वर्षांची, छप्पर उघडतं. गोव्याच्या एका हॉटेलवाल्याची होती. तंबाखूच्या वखारीत सव्वीस वर्षं शिंकण्यात गेली, आता एकोणपन्नासाव्या वर्षी आतला खरा माणूस बाहेर काढणार आहे. एकवीस डिसेंबरला कोइमतूरच्या ट्रॅकवर हौशी लोकांना गाडी पळवू देतात. नाव घातलं आहे. त्याआधी सुपरचार्जर बसवणार. म्हणजे पट्ट्यावर फिरणारा एक पंप, जो इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त कुमार, म्हणजे मी. चुलतभाऊ आप्पाण्णा म्हणाला, आधी तुझं पोट कोंब त्यात, हवा मागनं बघू. जळतो.

बायकोची, त्रिशलेची, समजूत धर्माच्या बाजूने घातली. ती सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत. पण ब्राह्मी बेळगावला इंजिनिअरिंगला गेल्यापासून शनिवारी पोरीबरोबरच जेवायचं म्हणून वाट बघत बसते. ब्राह्मीचं प्रॅक्टिकल पावणेपाचला सुटतं, बस साडेसहाला येते, तोवर सूर्य गेलेला. पोरीला वाढते आणि स्वतः रविवार सकाळपर्यंत उपाशी. दीड वर्ष चाललंय. मी म्हटलं, ही गाडी तयार झाली की दर शनिवारी मी ब्राह्मीला सूर्यास्ताआधी ताटावर आणून बसवणार.

त्रिशला म्हणाली, रस्त्यावर ऐंशीच्या वर जाणार नाही, असं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. पोरगी बेळगावात असल्यामुळे फोटोवर हात ठेवला. फोटोवरची शपथ थोडी सैल असते असं वाटतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बेळगाव, उद्यमबाग. गॅरेजवाला मष्णू. जांबोटीकडचा, बावीस वर्षं याच धंद्यात. मी सुपरचार्जरचं खोकं दाखवलं. त्याने खोक्याकडे न बघता बॉनेट उघडलं, ब्रेकच्या तेलाच्या डबीत कापडाचं टोक बुडवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. काळं. तंबाखू भिजवलेल्या पाण्यासारखं. म्हणाला, अण्णा, ह्यात पाणी मुरलंय. घाटात ब्रेक तापला की हे उकळतंय. मग पाय जातोय खाली आनि गाडी जाती म्होरं.

मी म्हटलं, मष्णू, मी पळायला आलोय, थांबायला नाही.

त्याने हात पुसले.

म्हणाला, एवढी घाई कशापाय? सूर्यास्ताचं सांगितलं. तर म्हणतो, पोरीला अर्धा तास आधी निघाय सांगा की. यंत्रात राहून माणसाची दृष्टी लहान होते.

वजन कमी करायला स्टेपनी, जॅक, गालिचा, एसी, रेडिओ काढायला सांगितलं. हँडब्रेकही काढ म्हटलं, ट्रॅकवर त्याचा उपयोग काय. तेवढ्याला नाही म्हणाला. त्येला हात लावणार न्हाय, पायजे तर दुसरीकडं न्या. हट्टी. त्यांच्याकडे पाऊस फार, त्यामुळे असेल.

१ नोव्हेंबर

गॅरेज बंद. आज बेळगावात एका रस्त्यावर राज्य-स्थापनेची मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यावर मराठी भाषकांचा निषेध. दोन्हीकडच्या लोकांचं शटर खाली ओढण्यावर मात्र एकमत. माझा सुपरचार्जर आत, मी बाहेर. सीमाप्रश्नाची झळ अखेर मलाही लागली.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुपरचार्जर बसला. आवाज काय सांगू. कुकरची शिट्टी होण्याआधी जो सूर लागतो तो, पण शिट्टी होतच नाही. नुसती होणार होणार वाटत राहते. सुरू केल्यावर गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. भुंकली नाहीत. सगळी एकाच दिशेला बघत होती.

मष्णू एक चक्कर मारून आला. मी म्हटलं, कशी आहे? म्हणाला, पळती. आणि? आनि काय न्हाय, पळती.

मग आत जाऊन फळीवरची ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली घेऊन आला. अर्ध्या तासाचं काम हाय अण्णा, बसा, च्या घ्या. मी घड्याळ दाखवलं, माझ्याकडे अर्धा तास असता तर सुपरचार्जर कशाला बसवला असता. तर बाटली बाजूच्या सीटवर ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावला. म्हणाला, निपाणीत कुणाकडनं बी बदलून घ्या. पैसं नगंत. बाटलीच्या जागी बाटली आणून ठेवा, सवडीनं.

बाजूच्या सीटवर ब्राह्मी बसणार आहे. तिथे बाटली बघून उगाच कसंतरी झालं. संकल्प: सोमवारी तेल बदलणे.

११ नोव्हेंबर

सोमवार गेला.

फाटक फार कुरकुरतं. मष्णूची बाटली हाताशी होती, तेल ते तेल, बिजागऱ्यांना घातलं. सढळ हाताने. उरलं ते वखारीच्या कडीला.

१२ नोव्हेंबर

फाटकाचा रंग फुगून साल निघावी तसा निघाला. त्रिशला म्हणाली, फाटकाला देवी आल्या का? भयंकर वस्तू आहे ती. अशी वस्तू तो माणूस माझ्या गाडीत घालायला निघाला होता. फाटक अजून कुरकुरतंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चाचणी, एकट्याने. ब्राह्मी आज बसनेच आली, तिला घेणं अजून घाईचं ठरलं असतं. बेळगाव पाच वाजता सोडलं. संकेश्वर पाच एकतीस. निपाणी पाच पन्नास. सूर्यास्त पाच अठ्ठावन्न. आठ मिनिटं माझी. ऐंशीचं वचन पाळलं, सरासरी काढली तर आसपासच येईल.

स्तवनिधीच्या घाटात उतरताना पेडल मऊ लागलं. लोण्यासारखं. जुन्या जपानी गाड्यांचा हा दर्जाच वेगळा. खाली आल्यावर जळका वास. साखर कारखाने सुरू झाले असणार.

स्तवनिधीच्या ब्रह्मदेवाला निपाणीतली प्रत्येक नवी गाडी नारळ फोडून येते. माझा राहिलाय. ट्रॅकवरून आल्यावर एकदमच फोडीन, जिंकल्याचाही त्यातच.

१८ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात दिलेला गतिरोधकाचा अर्ज परत आला. कन्नडमध्ये हवा. कारकून प्रेमाने म्हणाला, सर, तुमचं म्हणणं बरोबर असंल, पण ते आम्हाला कळाय पाहिजे. त्रिशला चिकोडीची, तिचं कन्नड उत्तम. लिहायला बसली. अर्ध्यात पेन ठेवून विचारलं, कारण काय घालू? मी म्हटलं, वेगाला अडथळा. ती म्हणाली, कन्नडमध्ये लिहिल्यावर हे बरं दिसत नाही.

मराठीतही फार बरं दिसत नव्हतं, पण ते आत्ताच लक्षात आलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी चाचणी. पाच अठ्ठेचाळीस. घाटात पेडल दोनदा दाबावं लागलं. पहिल्यांदा दाबलं ते गाडीला कळवण्यापुरतं, दुसऱ्यांदा थांबली. थोड्या अंतराने.

संध्याकाळी मष्णूला फोन केला, दुसऱ्याच कामासाठी, पट्टा किंचित ओरडतो म्हणून. त्याने पहिलं विचारलं, बाटली घातली का?

मी म्हटलं, घातली.

खोटं बोललो नाही. कुठे, ते त्याने विचारलं नाही.

तो म्हणाला, मग झ्याक. आता पोरीला बसवा बिनघोर.

एवढा आनंद त्याच्या आवाजात गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा ऐकला. मला का कोण जाणे जेवण गेलं नाही.

२८ नोव्हेंबर

उद्या. ब्राह्मीला फोनवर सांगितलं, पाच वाजता कॉलेजच्या दारात. ती म्हणाली, आप्पा, मैत्रिणींना दाखवू का गाडी? दाखव म्हटलं. त्रिशलेने उद्याचं ठरवलंय: झुणका, भाकरी, वांग्याची भाजी, ताक. तीन ताटं आत्ताच घासूनपुसून ओट्यावर मांडून ठेवलीत. दीड वर्षांनी शनिवारी पोरीबरोबर जेवणार म्हणून दुपारी दोनदा खिडकीतून ऊन बघून आली. आजचं ऊन. उद्याचा अंदाज म्हणून.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सायं. ७.४०

आधी हे लिहितो की सगळे ठीक आहेत.

निघायला उशीर माझ्यामुळे झाला नाही. मैत्रिणींनी फोटो काढले. पाच तेरा. संकेश्वरला पाच त्रेचाळीस. ब्राह्मी हसत होती, केस तोंडावर. पश्चिमेला सूर्य उसाच्या वर हातभर. मी म्हटलं, धरतो त्याला.

घाटात वरच्या वळणावर ब्रेक लावला, लागला. दुसऱ्या वळणावर लावला. तिसऱ्यावर पाय खाली गेला. तळापर्यंत. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा दाबलं. पुन्हा. पुढे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलर, मागे दिवा नाही. ट्रेलरवर एक बाई मोळ्यांवर बसलेली, पाठमोरी. तिने वळून माझ्याकडे बघितलं. आवाज तोच, शिट्टी होणार होणार वाला.

ब्राह्मी म्हणाली, आप्पा. एवढंच. ओरडली नाही.

गिअर खाली ओढला, अजून खाली. मग हँडब्रेक. गाडी आडवी झाली आणि रस्तारुंदीच्या कामाच्या मातीच्या ढिगात पोटापर्यंत शिरली. ट्रॅक्टर गेला. धूळ बसली. समोर स्तवनिधीच्या देवळाची पायरी, साठ-सत्तर पावलांवर.

इंजिन ब्रेकिंग म्हणून एक शास्त्रीय तंत्र आहे. ते

नाही. तंत्र नव्हतं.

देवळातून दोघं आले. विचारलं, लागलं का? मग एकाने वाकून बघितलं आणि म्हणाला, नवी गाडी जणू, नारळ फोडाय आलासा? ब्राह्मी हो म्हणाली. दार उघडायला तिला जमलं नाही. मी उघडलं.

रिक्षाने घरी. सहा चाळीस. ओट्यावर तीन ताटं, वर तीन ताटं झाकण म्हणून. त्रिशलेने मातीने भरलेले माझे बूट बघितले. ब्राह्मीच म्हणाली, आई, मीच आप्पांना थांबवलं, मला देऊळ बघायचं होतं. त्रिशला म्हणाली, बरं केलंस. मग तिने आमच्या दोघांचं वाढलं आणि स्वतःच्या ताटावरचं झाकण तसंच ठेवलं.

ब्राह्मीने एकही घास खाल्ला नाही. मीही नाही. तिसरं ताट उघडत नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

कोइमतूरचं नाव मागे घेतलं. कारण तब्येत, असं कळवलं.

सकाळी सगळ्यांनी एकत्र खाल्लं, कालचंच. जेवताना ब्राह्मी म्हणाली, शुक्रवारच्या बॅचमध्ये जागा आहे. सरांना एक अर्ज दिला की बदलून मिळतं. मग शनिवारी चारच्या बसने येईन, साडेपाचला घरात. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलंच नाही, आणि तुमचं एवढं चाललं होतं.

अर्ज त्रिशलेने लिहून दिला. कन्नडमध्ये. चार ओळी. कारणाच्या जागी काय लिहिलं ते विचारलं. म्हणाली, आई जेवायची थांबते.

गतिरोधकाचा माझा अर्धा अर्ज त्याच वहीत होता. फाडून टाकला. संध्याकाळी मालुबाईकडून मेथी आणली. म्हणाली, आज पायी व्हय अण्णा?

१ डिसेंबर, सोमवार

ब्राह्मीला सोडायला बेळगावला, बसने. स्तवनिधीला हात जोडले. तिने खिडकीची जागा मला दिली. घाट चढताना आम्ही दोघंही ड्रायव्हरच्या पायाकडे बघत होतो.

तिला कॉलेजला सोडून उद्यमबागेत गेलो. मष्णू एका जीपखाली, नुसते पाय बाहेर. गाडी टो करून आणायची हे त्याला फोनवर कळवलं होतं, बाकी काही नाही. त्याने न काढलेल्या हँडब्रेकचं सांगायचं होतं. आतून तो म्हणाला, कोन हाय? मी फळीकडे वळलो.

फळीवर धुळीत एक गोल जागा रिकामी होती. पिशवीतून बाटली काढली, सीलबंद, त्याच कंपनीची. त्या गोलात ठेवली.

परतीची बस तीन वाजताची होती. उभं राहून आलो.